यीस्ट टेकलं तरी पेशी ढिम्म

आधी ताईंचं सांगतो. आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन, बोनकोडे गावच्या आगरी. त्या दुपारी त्यांनी मला तोंड उघडायला लावलं नसतं, तर आज हे लिहायला मी असतो की नाही, कुणास ठाऊक.

मी सातवीतून शाळा सोडलेला, नंदुरबारकडचा. तळोज्याच्या एका लॅबमध्ये काचेची भांडी धुतो. इथल्या हवेनं छाती भरायची, म्हणून औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणायचो. कागदाची पुडी, वर नाव नाही. दोन दिवसांत आराम पडला, म्हणून चार महिने खात राहिलो. तोंड गोल झालं. व्हिडिओ कॉलवर आई खूश, "मानवलं बाबा तुला तिकडचं पाणी!"

मग जिभेवर पांढरा थर आला. खरवडला की रक्त. मला वाटलं, यीस्टच्या, म्हणजे बुरशीच्या, बाटल्या धुतो, तेच लागलं. कळलं तर कामावरून काढतील. मास्क लावून गप्प राहिलो. जेवण गिळवेना.

"काय रं, सोला सोमवार धरलेस का?" ताई म्हणाल्या. "तोंड दाखव."

पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. "गोल्या कसल्या खातोस?"

मी पुडी दिली. त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी नेलं. पहिल्या बशीत अंगातली एक राखणदार पेशी यीस्टच्या कणाला हळूहळू वेढत होती. "तिच्या अंगावर हातासारखे रिसेप्टर हायत. यीस्टच्या सालीवरची साखर चाचपून वलखतात. वलखली की ती गिलते."

दुसऱ्या बशीत ते रिसेप्टर औषधानं झाकले होते. यीस्ट पेशीला टेकून होतं, त्याला कोंबही फुटला होता. पेशी ढिम्म.

"यीस्ट सगल्यांच्याच तोंडात असता. भांड्यांनी नाय लागला तुला. तुझ्या गोल्यांची रीत येगली, पन राखनदार असेच बसून राहतात."

मी जिभेनं टाळ्यावरचा थर चाचपला.

संध्याकाळी त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, या स्टेरॉइडच्या दिसतात, तोंडही त्यांनीच गोल झालंय. खात राहिलास तर धोका, एकदम सोडल्यास तरी धोका. हळूहळू कमी करायच्या. नोकरीचंही ताईच साहेबांशी बोलल्या.

तोंड निवळलंय. गोळ्या अजून पुऱ्या सुटलेल्या नाहीत. साधा खोकला आला तरी वाटतं, आत काहीतरी टेकून बसलंय आणि कुणी ओळखत नाहीये.

ताई, तुमच्या घरी कधी कुणाच्या उशाशी बसायची वेळ आली, तर मला हाक मारा. कुठंही असलो तरी येईन. एवढं तरी मी फेडणार.