शुक्रवारचं मन मोकळं करणं

मला फिट येत असे. मद्रासच्या ज्या इस्पितळात माझं औषध चालू होतं, तिथल्या डॉक्टरांनी मला दर शुक्रवारी एग्मोरला एका बाईंकडे धाडलं. बाई विलायतेत काहीतरी शिकून आल्या होत्या. मेंदूचे न हटणारे आजार असलेली आम्ही सहा माणसं गोल बसून एकमेकांजवळ मन मोकळं करायचो. त्यानं म्हणे बरं वाटतं.

बाई इंग्रजीत विचारत आणि चौघांना तर इंग्रजी कळत नव्हतं. मी शाळेत मास्तरीण, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणी रडत रडत सगळं सांगे, मी ते बाईंपर्यंत पोचवी, आणि बाई म्हणत, "धीर धरा." प्रत्येकाला हेच. पुढे पुढे मी नुसतं "तेच म्हणाल्या" एवढंच सांगू लागले.

माझ्या शेजारी आमच्याच तंजावरकडचे एक वयस्कर मराठी गृहस्थ बसत. टी. नगरच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता कंपवातानं हात थरथरत. एका शुक्रवारी मला तिथेच फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी मला कुशीवर वळवून डोकं मांडीवर घेतलं होतं. बाई दाराबाहेर उभ्या राहून शिपायाला हाका मारत होत्या.

पुढच्या शुक्रवारी माझी खुर्ची गोलाबाहेर, दाराशी मांडलेली. बाईंच्या क्लबातल्या चौघीजणी आमचं काम पाहायला आल्या होत्या. बाई त्यांना सांगत होत्या, "आम्ही इथं एका कुटुंबासारखे असतो."

"मग मला दाराशी का बसवलंत?" मी इंग्रजीतच विचारलं.

बाई प्रसन्न हसल्या. "पाहिलंत? मनातला राग बाहेर येतोय. फार चांगलं लक्षण," असं पाहुण्यांना म्हणाल्या आणि वहीत टिपून घेतलं.

"काय म्हणते ती?" गृहस्थांनी मला मराठीत विचारलं.

"मी बरी होतेय म्हणते."

ते उठले. त्यांना उठायला वेळ लागे. "चला अक्का," ते म्हणाले, "बऱ्या माणसांचं इथं काय काम?"

आम्ही पुन्हा गेलो नाही. शुक्रवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांची सून कॉफी देई. आजारावर आम्ही क्वचितच बोलत असू. शेजाऱ्यांची निंदा मात्र मनापासून करत असू, आणि ती आम्हा दोघांनाही चांगली जमे.