दुसरीच्या मापाच्या गोळ्या

आमची वहिनी शिवणकाम करते आणि तिला स्वतःच्या नजरेचा भारी गर्व. एकदा पाहिलेला ड्रेस ती तसाच्या तसा बेतते. पण कुणी "मैत्रिणीच्या मापाचा शिवा" म्हणालं, की कापड परत करते. "तिचं माप तुम्हाला कसं बसेल?" काजं-बटणं माझ्याकडे, त्यामुळे हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

तिचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. शेजारच्या खुर्चीत एक बँकवाली असायची. आजार तोच, डॉक्टर तेच, औषधही तेच. वहिनीला पाणीसुद्धा कडू लागायचं आणि ही बाई सलाइन लावलेल्या हातानं सँडविच खायची. वहिनीचा नुसता जळफळाट. "गाल बघा तिचे, वन्सं. आजारी आहे की सुट्टीवर आलीये?"

एकदा परतताना बँकवालीनं आम्हाला चहाला नेलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर बाटल्यांची रांग होती: जीवनसत्त्वं, हळदीचा अर्क, ग्रीन टीच्या गोळ्या, आणखी काय काय. वहिनीचा चहा निवला, पण नजर फळीवरून हलेना. आठवड्याभरात त्याच बाटल्या आमच्याकडे कापडांच्या गठ्ठ्यामागे आल्या. मी हटकलं तर म्हणाली, "टॉनिक आहे. त्यात डॉक्टरांना काय विचारायचं?"

पुढच्या केमोआधी रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे चढलेले. "आणखी काही घेताय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनीनं पिशवी पोटाशी ओढली; दुपारच्या गोळ्यांसाठी बाटल्या तिनं बरोबर आणल्या होत्या. मीच तिच्या पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. असा राग आला होता मला.

"हे आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमी होतं, तेवढंच मी दिलं होतं. यातलं काही यकृताला बाधतं, काही औषधाच्या आड येऊ शकतं. आकडे उतरेपर्यंत केमो नाही."

बसमध्ये वहिनी रडली. केमोच्या नावानं बोटं मोडणारी ती, आता केमो हुकली म्हणून घाबरली होती. "तिचं माप तुम्हाला कसं बसेल?" हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

काही दिवसांनी बँकवाली दुकानात आली. ऑपरेशनच्या बाजूनं ड्रेस सैल पडत होता, तो आत घ्यायचा होता. "परवा तुमची खुर्ची रिकामी दिसली. धस्स झालं मला."

वहिनीनं टेप उलगडला. "फळीवरच्या त्या बाटल्या... त्यातलं आधी काय घेता?"

"त्या होय? अहो, सीलसुद्धा फोडलेलं नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय. लेक पाठवते लांबून. 'एकदा येऊन जा गं' म्हटलं, की आणखी एक बाटली येते." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या नणंदबाई दर वेळी जवळ बसलेल्या असतात. तिकडे बघवायचं नाही मला. म्हणून खात बसायचे."

वहिनीनं तिचं माप दोनदा घेतलं. ती गेल्यावर मात्र पुटपुटली, "तरी भूक लागते तिला, ते खरंच."

आकडे उतरले. पुन्हा दोघी शेजारी-शेजारी. वहिनीच्या हातात सुई गेली, मी नेहमीसारखं तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं.

"वन्सं, आज तिच्याजवळ बसा," वहिनी डोळे मिटून म्हणाली. मी स्टूल उचललं, तशी तिनं माझी ओढणी धरली.

"थोडाच वेळ हं."