नाकपट्ट्यावरचे हात

पत्रक कसं लिहायचं हे मला येतं. वाक्य छोटं, मथळा मोठा, आणि वाचणाऱ्याला पळवाट ठेवायची नाही. वज्रेश्वरी रस्त्यावरच्या घोडेस्वारी क्लबविरुद्धचं पत्रक मी असंच लिहिलं होतं. ते चुकीचं निघालं.

त्या क्लबात हिवाळ्यात अडथळे ओलांडायच्या स्पर्धा होतात. मी कुंपणाबाहेर मोबाइल घेऊन उभी होते. एक तांबूस घोडी मैदानातून बाहेर आली, तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. घोड्यानं तोंड उघडून लगाम चुकवू नये म्हणून त्याच्या नाकावरून चामड्याचा पट्टा बांधतात. तो इतका आवळला होता की तिचा खालचा ओठ थरथरत होता.

मी फोटो काढले. त्यातला एक निवडला. पट्ट्याच्या बकलावर दोन सुरकुतलेले हात, वर घोडीचा विस्फारलेला डोळा. मथळा दिला, ‘या हातांना जाब विचारा!’ पत्रकं पार मानकोली नाक्यापर्यंत वाटली. फोटो फोनाफोनांवर फिरला.

आणि क्लबनं जाब विचारला. त्या हातांनाच. ते होते घोडीची देखभाल करणाऱ्या चाचांचे. पूर्वी भिवंडीत टांगा हाकायचे, आता या तबेल्यात नोकरीला. घोडीवर बसणारा स्वार काल्हेरच्या एका गोदाममालकाचा मुलगा. त्याला कुणी काही विचारलं नाही. रविवारी समितीसमोर सुनावणी आणि लगेच चाचांना घरी पाठवायचं, हे ठरल्यातच जमा होतं.

मला हे कळलं शनिवारी, घोडीची जखम बघायला गेले तेव्हा. चाचा तिच्यासमोर उकिडवे बसून गवत निवडत होते.

“आलीस? फोटो मस्त काढतेस हां. माझ्या निकाहात पन इतका चांगला नव्हता आला.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“बोटं दे इकडं.” त्यांनी माझी दोन बोटं धरून घोडीच्या नाकावरच्या पट्ट्याखाली सरकवली. “एवढी जागा पायजे. मी एवढीच ठेवतो. मग साहेब येतो नि चढायच्या आधी शेवटच्या भोकापर्यंत खेचतो. बोललो तर म्हनतो, चाचा, ये टांगा नहीं है. तो उतरला की मी पहिला हा पट्टा सोडतो, खोगीर नंतर. तू फोटो काढलास तवा मी सोडत होतो, बेटी.”

“मग समितीला सांगायचं ना!”

“सांगितलं. बोलले, हे बघा, छापलेलं हाय. छापलेल्यापुढं माझं कोन ऐकतंय?” त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. “मी दुसरीकडं कुठं पन राहीन. पर ही दुसऱ्या कुनाला तोंडाला हात लावू देत न्हाय. जखम ओली हाय अजून.”

घरी येऊन मी मोबाइल उघडला. छापलेला फोटो सातांपैकी पहिला होता. दुसऱ्यात पट्टा सैल. चौथ्यात तो लोंबतोय आणि घोडीनं कपाळ चाचांच्या छातीला टेकवलंय. हा चौथा फोटो मी तेव्हाही पाहिला होता. त्यानं लोक चिडणार नाहीत म्हणून बाजूला टाकला होता. आणि एक व्हिडिओ होता, मैदानात शिरण्याआधीचा. त्यात रक्त नाही म्हणून मी तो धड पाहिलाही नव्हता. पांढरे हातमोजे घातलेला स्वार, दात-ओठ खात पट्टा खेचताना.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटातली मैत्रीण म्हणाली, “पत्रक मागे घेतलंस तर उद्यापासून आपल्याला कोण विचारेल?”

“गप्प बस,” मी म्हटलं.

रविवारी समितीपुढे उभी राहिले आणि फोन टेबलावर ठेवला. “माझं पत्रक चूक आहे. हे हात पट्टा सोडतायत. आवळणारे हात हे बघा.”

अध्यक्षांनी व्हिडिओ पाहिला आणि फोन परत माझ्याकडे सरकवला. “म्हणजे तुम्ही खोटं छापता, हे तुम्हीच कबूल करताय.”

“करतेय. लेखी देते. आता त्या स्वाराकडूनही लेखी घ्या.”

चाचा राहिले. स्वाराला त्या घोडीवर बसायला बंदी झाली, एका हंगामापुरती. हंगामापुरती! म्हणजे पुढच्या हिवाळ्यात त्या ओठानं पुन्हा तयार राहायचं? मी आता दर स्पर्धेला कुंपणाशी असते. दुरुस्तीचं पत्रक पहिल्याइतक्याच प्रती काढून त्याच नाक्यांवर वाटलं. लोकांनी ते पहिल्यासारखं हातोहात घेतलं नाही.

चाचांची माफी मागायला गेले, तर त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “ते राहू दे. मिठाचं पानी कोमट हाय तवर हिचं डोकं धर.”

मी धरलं. चाचांनी कापूस बुडवून ओठाचा कोपरा पुसला. घोडी दचकली, नाकातून फुरफुरली, आणि मग तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टाकली. घोड्याचं डोकं इतकं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा श्वास मानेवर गरम लागत होता.

“हलू नको,” चाचा म्हणाले.

खांदा भरून आला होता. मी हलले नाही.