पातळ ऑइलची कबुली

आमची जीप जुनी आहे एवढं मला चार माणसांत सांगवलं नाही, म्हणून तिचं इंजिन खोलायची वेळ आली होती. दुसऱ्या कुणाचा यात काही दोष नव्हता.

कासुर्डीत आमचं घर. मालक यवत ते पाटस जीप चालवायचे. साखर कारखाना सुरू झाला की गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. वर्षभरातले तेच दिवस आमच्या कमाईचे. ऑइल ते स्वतःच दारात बदलत, पण त्या वेळी फेऱ्यांमधून सवड होईना. मग रिकामा कॅन माझ्या हातात देऊन म्हणाले, "यवतला जा. तिथला ऑइलवाला पिपातलं सुट्टं देतो. जुन्या इंजिनाचं म्हण, घट्ट असतं ते. आपलं इंजिन झिजलंय, पातळ न्हाई चालायचं."

मला ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पाठांतरात पहिली असायचे. एस.टी.त बसल्यावरही "जुन्या इंजिनाचं, घट्ट" असं ओठांत चाललं होतं. शेजारच्या म्हातारीला वाटलं मी जप करते आहे. तिने खिडकीबाहेर बघत हात जोडले.

दुकानात पाचसहा पुरुष उभे होते, आणि आमच्याच आळीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. त्यांच्याकडे दिवाळीलाच नवी कोरी जीप आली होती.

"बोला वैनी, कुठलं देऊ?" दुकानदाराने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि पाठ केलेलं सगळं पळालं.

"इंजिन नवं हाय का जुनं?"

तेवढ्यात ती बाई माझ्याकडे बघून हसली. ओळखीचंच हसली असेल. मला मात्र ते झोंबलं.

"नवं ना?" दुकानदार म्हणाला, आणि मी मान हलवली.

त्याने दुसऱ्या पिपातलं भरून दिलं. घरी येऊन झाकण काढून पाहिलं, तर ऑइल चांगलंच पातळ. मी मनाची समजूत घातली, की गोडं तेलसुद्धा पातळ आणि स्वच्छ असेल तेच चांगलं असतं. मालकांनी ओतताना विचारलं, "जुन्याचंच मागितलंस ना?" मी परत मान हलवली. मला बोलता येत नाही, पण मान फार चांगली हलवता येते.

दोन दिवसांत गाडी निळा धूर सोडायला लागली. इंजिन तापलं की ऑइलचा लाल दिवा लागायचा आणि आतून टकटक ऐकू यायची. धूर बघून लोक दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागले. मालकांना वाटलं, इंजिन संपलं. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. मी ती अर्धी भाकरी उचलायची, आणि उद्या सांगू म्हणायची. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी माझे चुलत थोरले दीर पाने घेऊन आले. ते मेकॅनिक. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि गप्प राहायचं, ही रीत. मला ती कधी जड गेली नाही.

"खोलावं लागंल," ते म्हणाले. "पंधरा दिवस गाडी उभी राहील."

मालक बोटांवर बुडणाऱ्या फेऱ्या मोजायला लागले. पंधरा दिवसांत रोजची बसणारी सगळी माणसं दुसऱ्या गाड्यांना लागली असती. थोरल्यांनी बोनेट उघडून पाना लावला. मी चहा घेऊन दारात उभी.

थोरल्यांशी बोलायची सोय नव्हती. मी चहा उंबऱ्यावर ठेवला, जीपच्या मागे गेले आणि तिच्या पत्र्याकडे तोंड करून म्हणाले, "जीपबाई, सांग की गं, तुला नव्या इंजिनाचं पातळ ऑइल घातलंय म्हणून."

पान्याचा आवाज थांबला.

मग थोरले बोनेटमध्ये बघत म्हणाले, "आन् ते आणलं कुणी म्हणं, जीपबाई?"

"एका येडीनं."

"येडीला घट्ट आण म्हणून सांगितलं न्हवतं व्हय?"

"सांगितलं व्हतं. पाठबी व्हतं."

"मग?"

"लोकं व्हती तिथं."

मालक कधी माझ्याकडे बघत, कधी त्यांच्याकडे. शेवटी ओरडले, "आरं, गाडीशी काय बोलताय दोघं? मी हाय ना हितं!"

थोरल्यांनी ऑइल मोजायची पट्टी काढून तिच्यावरचं ऑइल दोन बोटांत चोळलं. "निव्वळ पाणी हाय. झिजलेल्या इंजिनात फटी पडलेल्या असत्यात, हे थांबतंय कुठं त्यात? जा, घट्ट घेऊन ये. त्यावर न्हाई भागलं तर मग खोलू. आन् तू सोता जा, जीपबाईच्या मैतरणीला धाडू नगं."

मालक स्वतः गेले. ऑइल बदललं. चालू केल्यावर टकटक कमी झाली. मालक मला म्हणाले, "बस म्होरं. पाटसपर्यंत दिव्यावर नजर ठेव."

मी पापणी न हलवता बघत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाटस आलं तरी दिवा लागला नाही. मागे थोडा धूर होता, पण तेवढा तर पातळ ऑइलच्या आधीही असायचा. इंजिन उघडावं लागलं नाही.

गाडी फाट्यावर उभी केली आणि त्यांनी विचारलं, "चार दिवस भाकरी वाढत व्हतीस. तवा का न्हाई सांगितलंस?"

"उद्या सांगणार व्हते," मी म्हणाले.

"कुठल्या उद्या?"

मी परत मान हलवली. ते इतके हसले, की बसायला आलेल्या बाया आधी आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग एकेक करून मागे चढल्या.