दोन गुणांची म्हातारी

बाळांनो, परवा तुम्ही पाठवलेला परीक्षेचा उतारा वाचला आणि गेवराईकडच्या आमच्या पत्र्याच्या वर्गातला तो तापलेला वास पुन्हा नाकात आला. दुष्काळाचं वर्ष होतं, गावाला पाण्याचा एकच टँकर यायचा आणि मी दहावीच्या मुलांकडून गोष्टी वाचून उत्तरं लिहायची तयारी करून घेत होते. दूध सोसायटीचे चेअरमन आमच्या शाळेचेही अध्यक्ष होते, आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवायला ते त्या दिवशी वर्गात येऊन बसले. गोष्ट साधीच होती: एक म्हातारी भर उन्हात वाटसरूंना आपल्या भरल्या रांजणातलं पाणी पाजते. “म्हातारी कशी होती? कारण द्या,” मी दोन गुणांचा प्रश्न विचारला. ‘दयाळू, कारण ती तहानलेल्यांना पाणी पाजते’ एवढंच हवं होतं. पुढच्या बाकावरची मुलगी उठली. “बाई, ती चेअरमनसायबाच्या घरची असंल.” “कावून गं?” साहेबांनीच विचारलं. “दुष्काळात रांजण भरलेला हाय ना! टँकर आदी तुमच्याच दारात थांबतो.” नोकरी गेलीच, असं धरून मी म्हणाले, “कारण दिलंस, एक गुण. उताऱ्यात आधार नाही, एक कापला.” साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. “कावून कापता, बाई? आधार लई हाय. दोन्ही द्या.” पुढे मी कायम झाले, टँकर मात्र त्यांच्याच दारात आधी थांबत राहिला. आणि तो दुसरा गुण मी आजही देणार नाही, कारण उताऱ्यात तसं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.