अक्कांच्या दोन चिठ्ठ्या

अक्कांनी एखादी स्लाइड एकदाच बघून बाजूला ठेवली, असं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायच्या, भिंतीकडे बघायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि पुन्हा वाकायच्या. त्यांनी स्वतः बघितलं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मग मान न वळवता त्या म्हणायच्या, "मत्ते नोडू." म्हणजे पुन्हा बघ. अक्का आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर, माहेर अक्कलकोटकडचं. रागावल्या की किंवा कामात बुडाल्या की मराठीतून कानडीत कधी जायच्या, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. आम्हा पोरांत त्यांचं नाव 'मत्तेनोडू' असंच पडलं होतं. समोर मात्र सगळे अक्काच म्हणायचे, शिपायापासून मोठ्या सरांपर्यंत.

मी बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेच्या कोर्सला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिलाच. वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात होते, आई विड्या वळायची. मला वाटायचं, डॉक्टर लोक काचेतून बघतात आणि जे आहे ते त्यांना दिसतं. त्यात मतभेद कसला? दवाखान्यात आलो तेव्हा समजलं की एकाच कातड्याच्या तुकड्याला एक डॉक्टर दोन प्लस म्हणतो, दुसरा चार प्लस, आणि दोघेही घरी जाऊन निवांत जेवतात.

आमच्याकडे कुष्ठरोग्यांच्या कातडीचे तुकडे यायचे. मी ते मेणात बसवायचो, पातळ काप काढायचो आणि रंगवायचो. निळ्या जमिनीवर लाल काड्यांसारखे जंतू दिसायचे. ते किती आहेत, त्यावर शून्यापासून सहापर्यंत प्लस द्यायचे. ह्या आकड्यावर औषधाचं ठरायचं, आणि बऱ्याचदा माणसाच्या नोकरीचं आणि घरात राहण्याचंही. आमचे मोठे सर विभागाचे प्रमुख होते. उंच, देखणे, घाईचे. ते उभ्याउभ्याच डोळा लावायचे. "तीन प्लस. लिही." दिवसाला चाळीस स्लाइड सहज संपवायचे. मला त्यांचा फार आदर वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अक्कांपेक्षा तेच बरे वाटायचे. त्यांच्याबरोबर काम केलं की पाच वाजता घरी जाता यायचं.

अक्कांचा नियम असा, की प्रत्येक स्लाइड दोघांनी बघायची, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. ज्याने त्याने चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. संध्याकाळी डबा उघडायचा. चिठ्ठ्या जुळल्या तर ठीक, नाहीतर दोघांनी शेजारी बसून तीच स्लाइड पुन्हा बघायची. मोठे सर मात्र ह्या चिठ्ठ्यांत पडत नसत. डॉक्टर कमी पडले की दुसरी चिठ्ठी माझी. मी म्हणालो, "अक्का, मी कुठे डॉक्टर आहे?" त्या म्हणाल्या, "लाल रंग बघायला डॉक्टर कशाला लागतो? सूत रंगवणाऱ्याचा मुलगा ना तू?" मी चिठ्ठी लिहायला लागलो.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. आठवड्याने त्या तीच स्लाइड नावावर चिकटपट्टी लावून पुन्हा माझ्यापुढे सरकवायच्या. मला काही कल्पना नसायची. मी आकडा लिहिला की मागच्या आठवड्याची माझीच चिठ्ठी काढून दाखवायच्या. "मंगळवारी तीन म्हणालास. आज दोन. पेशंट मंगळवारी जास्त आजारी होता काय?" कान लाल व्हायचे माझे. एकदा मी चिडून म्हणालो, "थोडं इकडेतिकडे व्हायचंच की." त्या चिडल्या नाहीत. त्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या दुकानातल्या वजनांवर दरवर्षी सरकारी माणूस येऊन शिक्का मारायचा. तुझ्या डोळ्यावर कुणी मारलाय?"

मग त्यांनी सहा स्लाइड निवडल्या, एक प्लसची, दोन प्लसची, अशा चढत्या. त्या लाकडी पेटीत ठेवल्या आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्या सगळ्यांनी बघायच्या, असा फतवा काढला. मोठे सर पेटीकडे बघून म्हणाले, "अक्का, आता घंटा आणि उदबत्ती तेवढी आणा." मी हसलो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती पेटी रोज पुसायचं काम माझ्याकडे आलं.

टेंभुर्णीकडचे एक प्राथमिक शिक्षक आमच्याकडे तपासणीला होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. कानाच्या पाळ्या थोड्या जाड झालेल्या, बाकी बघून काही कळलं नसतं. शाळेने त्यांना वर्गावर यायला मनाई केली होती. रोग वाढत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर कचेरीत बसा, आणि कमी होतोय असं लिहून आणलं तर वर्ग घ्या, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. गुरुजींच्या पहिल्या तुकड्याला आमच्याकडून दोन प्लस गेले होते. सहा महिन्यांनी दुसऱ्याला चार प्लस गेले. कुष्ठरोग विभागाच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून गुरुजींना सांगितलं, "तुम्ही गोळ्या घेत नाही. खोटं बोलता."

ते दोघे, नवरा-बायको, सरळ आमच्या प्रयोगशाळेत आले. तिथे पेशंटला यायची परवानगी नव्हती. गुरुजी दारातच उभे राहिले. बोलल्या त्या त्यांच्या बाई. "डाक्टरीनबाई, म्या सोता देते की गोळी. गिळली का न्हाय, त्वांड उघडून बघते. मास्तर असूनशान शेंबड्या पोरावानी आ करत्यात माज्यापुढं. आन् तुमचा कागद म्हंतो गोळी घेत न्हाईत! कागद खोटा हाय का मी खोटी हाय?"

गुरुजी हळूच म्हणाले, "अगं, जरा..."

"तुमी गप ऱ्हावा. तुमी गप ऱ्हाताय म्हनूनच ही पाळी आली."

अक्कांनी रजिस्टर काढलं. पहिले दोन प्लस त्यांनी स्वतः वाचलेले होते. दुसरे चार प्लस मोठ्या सरांचे. दोन्ही वेळा कामाची गर्दी होती, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणी स्लाइड बघितलीच नव्हती. अक्कांनी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, "दोन्ही स्लाइड काढ. आणखी आठ काढ. सगळ्यांना पट्टी लाव." माझ्यापुढे त्या दिवसाचं सगळं काम पडलेलं होतं. मी म्हणालो, "उद्या केलं तर?" त्या म्हणाल्या, "बाई बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना जाऊन सांग, उद्या."

मी काही गेलो नाही. स्लाइड काढल्या.

सरांना दहा स्लाइड पुन्हा बघायला लावणं, हे काम अक्कांनी कसं केलं मला माहीत नाही. आतून आवाज येत होते. "तुम्ही माझी परीक्षा घेताय?" "माझीही घेतेय, सर." संध्याकाळी डबा उघडला. सरांनी गुरुजींच्या दोन्ही स्लाइडना चार लिहिले होते. अक्कांनी दोन्हींना दोन. म्हणजे दोघांच्याही डोळ्यांनी दोन्ही तुकडे सारखेच होते. रोग वाढलाच नव्हता. पहिल्यांदा एकाने मोजलं, दुसऱ्यांदा दुसऱ्याने, एवढंच झालं होतं.

असं का, ते मग शेजारी बसल्यावर कळलं. सर काचेवर जिथे सगळ्यात जास्त लाल दिसेल तिथे थांबायचे आणि त्या जागेचा आकडा द्यायचे. अक्का पूर्ण तुकडा फिरायच्या, रिकाम्या जागाही धरायच्या आणि सरासरी काढायच्या. इतकी वर्षं शेजारच्या टेबलांवर बसून दोघांनी एकमेकांना हे कधी विचारलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. बाहेर बाकावर एक बाई सकाळपासून बसली होती, आणि आत दोन मोठे डॉक्टर एकमेकांना सांगत होते की तुम्ही असं बघता होय!

अक्कांनी पत्र लिहिलं. रोग वाढलेला नाही, आकड्यांतला फरक पेशंटमुळे नसून आमच्या वाचण्यातला आहे. सरांनी सही करायला नकार दिला. "हे बाहेर गेलं तर आपल्या जुन्या सगळ्या कागदांवर लोक शंका घेतील. दवाखान्याची अब्रू आहे काही."

"त्या बाईंची नाही?"

"दुसरा तुकडा घ्या, नवीन रिपोर्ट द्या, विषय संपवा."

"आणि खोटं बोलतात असं जे म्हटलंय त्यांना, ते?"

सर पुढची स्लाइड लावायला वळले. मला वाटलं, आता संपलं. टेंभुर्णीकडची एस.टी. निघायला थोडाच वेळ उरला होता. अक्कांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यात फक्त स्वतःचं नाव घातलं. पहिला आकडा मी वाचला, माझी मोजण्याची पद्धत वेगळी होती, त्यामुळे गैरसमज झाला, रोगात वाढ नाही. खाली एकटीची सही. कागद मला दिला. "सरांना दाखव आणि बाईंना दे."

सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. "अक्का स्वतःला कोण समजतात?" असं मोठ्याने म्हणाले. पेन काढलं, आणि अक्कांच्या सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दुसरा आकडा मी वाचला. तो जास्त वाचला गेला.' सही केली. "जा. पळ."

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. माझ्यामागोमाग बाहेर आलेल्या अक्कांना विचारलं, "म्हणजे मी बरा होतोय का, मॅडम?"

"ते आज सांगता येणार नाही. वाढलेला नाही, एवढं नक्की."

मला अक्कांचा राग आला. एवढं सगळं केलं, आता एक गोड शब्द बोलायला काय हरकत होती? पण बाईंनी नवऱ्याच्या हातातून कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. तो उलटासुलटा करून त्या म्हणाल्या, "मंजी गोळ्या घेतल्या हे खरं ठरलं न्हवं?"

"ठरलं," अक्का म्हणाल्या.

"बास की मग." आणि कागद पिशवीत घालून त्या एस.टी.कडे निघाल्या.

त्यानंतर सगळा तुकडा फिरायचा, किती जागा बघायच्या आणि कुठून सुरुवात करायची, हे दोघांनी ठरवायला महिनाभर भांडण केलं. ती सगळी भांडणं मला स्वच्छ अक्षरात लिहून काढावी लागली. शेवटी ठरलं, तोवर अक्कांची बदली झाली. जायच्या दिवशीही त्यांनी मला एका स्लाइडवर बसवलं होतं. निरोपाचा चहा तसाच गार झाला.

काही महिन्यांनी गुरुजींचा तिसरा तुकडा आला. सरांनी बघितला, नव्या डॉक्टरांनी बघितला, दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या. दोन्हींवर एक प्लस. कमी झालं होतं. कागद घ्यायला बाई आल्या तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "दोगांनी येगळंयेगळं बगितलं का?" मी हो म्हणालो. "मग खरं." गुरुजी त्या पंधरवड्यात वर्गावर गेले.

मी आनंदाने अक्कांना कार्ड लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या, गुरुजी वर्गावर गेले, सगळं सविस्तर. आठ दिवसांनी उत्तर आलं. 'वाचून बरं वाटलं. तुझा आकडा किती होता, ते लिहिलं नाहीस.'

मी बघितलंच नव्हतं! दोन डॉक्टरांनी बघितल्यावर मी कशाला बघू? इतक्या लांबून ही बाई मला पुन्हा त्या स्टुलावर बसवते म्हणजे काय? सकाळभर चिडचिड केली. दुपारी स्लाइड काढली, नावावर पट्टी लावून दुसऱ्या नऊ स्लाइडमध्ये मिसळली आणि सगळ्या बघितल्या. गुरुजींच्या स्लाइडला माझा आकडा दोन आला.

चिठ्ठी मी घडी घालून खिशात टाकली. कुणाला सांगायचं कारण नव्हतं. मी डॉक्टर नाही, माझी चिठ्ठी कुणी मागितली नव्हती, आणि गुरुजी आता वर्गात होते. मग सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. कसंबसं सांगितलं.

सर रागावले नाहीत. स्टूल सरकवून म्हणाले, "बस. दाखव, कुठे दिसतात जास्त." मी जागा दाखवली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. "हे जंतू नाहीत रे. रंगाचे कण आहेत. रंग गाळून घेतला होतास का?"

नव्हता. त्या दिवशी घाई होती. खरा आकडा एक प्लसच होता, चूक माझी होती, आणि गुरुजींचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला.

त्याच संध्याकाळी मी अक्कांना दुसरं कार्ड टाकलं. 'माझा आकडा दोन आला. तो चुकला. मी रंग गाळला नव्हता.' आणि खाली पूर्ण नावाने सही केली.