गाजरगवत नक्की कोणत्या खात्याचं?

सोलापूरहून नगरला जाणारी एस.टी. मिरजगावला चहासाठी थांबली. नगरचं अहिल्यानगर झालंय, पण गाडीत सगळे अजून नगरच म्हणत होते. हॉटेलामागच्या मोकळ्या जागेत छातीइतकी हिरवीगार झुडपं उभी होती आणि त्यांच्यावर साबुदाणा सांडल्यासारखी बारीक पांढरी फुलं. लांबून कुणालाही सुंदर वाटावं असं दृश्य. मला मात्र ते पाहून चहा गोड लागेना, कारण मी निघाले होते ती याच गवतापायी.

माझी कॉलेजातली मैत्रीण रूथ आणि तिचा नवरा शांतवन मास्तर, दोघेही निवृत्त शिक्षक. शेवगावच्या बाजूला एका खेड्यात त्यांचं घर आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मास्तरांना गाजरगवत बाधलं होतं. मान, पापण्या, कोपरांच्या घड्या सुजून काळ्या पडायच्या, खाजून रक्त यायचं. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "औषध देतो, पण गवत दारात आहे तोवर फरक पडणार नाही. एक तर ते हलवा, नाही तर तुम्ही हला." रूथने फोनवर मला म्हटलं, "तुझा जन्म सरकारी नोकरीत गेला. ती भाषा तुला कळते. ये."

ती भाषा मला कळते, अशी माझीही समजूत होती.

नगरला गाडी बदलून फाट्यावर उतरले तेव्हा रूथ स्कूटर घेऊन उभी होती. मास्तर आले नव्हते. घराशी पोचले आणि कारण दिसलं. घरामागून पाटाची चारी (शेतांना पाणी नेणारा छोटा कालवा) जाते. चारीच्या दोन्ही काठांवर, नजर जाईल तिथवर, गाजरगवत. चारीपलीकडे त्यांचं चर्च. तिथे मास्तर वर्षानुवर्षं गायनाचा वर्ग घेत. आता मधला तेवढा रस्ता त्यांना ओलांडता येत नव्हता. भर उकाड्यात खिडक्या बंद करून, फटींत ओली फडकी कोंबून ते आतल्या खोलीत बसले होते.

"या विद्याताई," ते म्हणाले. "माझा तुरुंग बघायला आलात?"

रूथने बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवताना मास्तर सारखे मनगटाने मान घासत होते. रूथ दर वेळी त्यांचा हात खाली ओढायची. लेक पुण्याला बोलावत होती. मास्तर म्हणत होते, मी मेलो तरी गाव सोडणार नाही.

सकाळी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक सज्जन माणूस. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "गावठाणातलं गवत आम्ही काढतो, मॅडम. पण चारीची जागा पाटबंधाऱ्याची. तिथं आमचं खुरपं चालत नाही. शिवाय हे तण आहे, म्हणजे विषय शेतीचा. तुम्ही शेती खात्याकडे जा."

तालुक्याला जायचं ठरलं तेव्हा मास्तर हटून बसले. "रोगी बघितल्याशिवाय त्यांना पटायचं नाही. मीही येणार." लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला उपरणं, तोंडावर रुमाल अशा थाटात ते सहा आसनी रिक्षात बसले. वाटेत ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, "मास्तर, मधमाश्यांचं काम घेतलं का काय?" हसलो आम्ही तिघंही, पण रस्त्याच्या दोन्ही कडांना तेच पांढरं पीक डुलत होतं.

शेती खात्यातले साहेब तरुण होते आणि हुशार होते. आदल्या दिवशीच त्यांचा सत्कार झाला होता. टेबलावर त्याचा भलामोठा पुष्पगुच्छ. त्यांनी आमचं नीट ऐकून घेतलं आणि शिकवायलाच बसले.

"त्याचं असं आहे, तण सगळं सारखं नसतं. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचं बी निघालं तर आम्ही ते बियाणं नापास करतो. ते आक्षेपार्ह तण. परदेशातून धान्य येतं, त्यात अमुक बिया चालत नाहीत. ती यादी निराळी. तिसरा प्रकार उपद्रवी तणाचा. सरकारने एखाद्या भागापुरतं तसं जाहीर केलं, की जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याने ते काढायचं."

"मग आमच्या भागात जाहीर करा."

"त्यासाठी खालून प्रस्ताव जावा लागतो."

"खालून म्हणजे कुठून?"

"म्हणजे आमच्याकडून."

"मग पाठवा ना."

"पिकाचं नुकसान दाखवावं लागेल, मॅडम. तुमचं गवत पिकात नाही. चारीवर आहे."

"आणि माणसाचं नुकसान?"

"ते आरोग्य खातं."

मी कपाळाला हात लावला. दर वर्षी ते गाजरगवताच्या जागृतीचा आठवडा पाळतात, फेरी काढतात, पावसाळ्यात ते गवत खाणारे भुंगेही सोडतात. सगळं त्यांनी मनापासून सांगितलं. म्हणजे गवत वाईट आहे याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त ते कुणाचं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर शिंकू लागले. एकामागून एक. रुमाल खाली आला तेव्हा त्यांचा डावा डोळा पार मिटला होता. रूथ घाबरून उठली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरच्या गुच्छावर नजर गेली. जरबेराच्या लाल फुलांमध्ये शोभेसाठी साबुदाण्यासारख्या बारीक पांढऱ्या फुलांच्या काड्या खोचल्या होत्या.

"साहेब," मी म्हणाले, "हे काय आहे?"

साहेबांनी गुच्छाकडे पाहिलं. चेहरा उतरला. "अरे देवा. फुलवाल्याने..." त्यांनी गुच्छ उचलला आणि धावत बाहेर नेऊन टाकला. परत येऊन मास्तरांना स्वतः धरून नळावर नेलं, तोंड धुवायला पाणी घातलं, गाडी काढून सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथे इंजेक्शन मिळालं. माणूस म्हणून साहेबांनी काही कमी केलं नाही. पण निरोप घेताना मी प्रस्तावाचं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "बघतो. तोवर तुम्ही पाटबंधाऱ्याला भेटा."

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत एकटा कारकून होता. "आमचं काम पाण्याचं," तो म्हणाला. "गवत पाण्यात असतं तर काढलं असतं. काठावरचं आमच्यात बसत नाही." मी त्याच्याशी भांडले. चांगला आवाज चढवून भांडले. त्याने शांतपणे पंख्याचा वेग वाढवला.

आम्ही घरी परतलो. दारात मास्तर म्हणाले, "रूथ, माझी बॅग भर. जातो पुण्याला."

रूथने बॅग भरून ठेवली. दोन दिवसांनी रविवार होता. उपासना संपल्यावर ती चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरांनी तुमच्या पोरांना गाणं शिकवलं. आता त्यांना गाव सोडावं लागतंय, गवतापायी. मी आज ते उपटायला जातेय. ज्याला यायचं त्याने या."

सगळे आले नाहीत. पण बरेच आले. शेजारचे रावसाहेब चर्चचे नव्हते, तरी खोरं घेऊन हजर झाले. "आमच्या गायी त्येच खात्यात," ते मला म्हणाले. "दूध कडू येतंय. डेअरीवाला न्हाई म्हनतो. कवापासनं बोंबलतोय मी." आम्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, नाकाला फडकी. पावसाने माती मऊ होती, झाड मुळासकट यायचं. रावसाहेबांनी खड्डा खणला, त्यात ढीग पडू लागला. माझी मनगटं खाजत होती, कंबर मोडली होती. तरी आल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

दुपारी चारीवरून मोटरसायकल आली. चारीवर फिरणारा पाटबंधाऱ्याचा माणूस.

"थांबवा! कुणाच्या परवानगीनं चाललंय हे? सरकारी जागा हाय. इथलं काडीबी उपटता येत न्हाई."

सगळे थांबले. रावसाहेबांनी कंबर सरळ केली, घाम पुसला आणि अगदी आदराने विचारलं, "म्हंजे सायेब, हे गवत तुमचं हुतं व्हय?"

"जागा आमची. गवताचं मला काय म्हाईत न्हाई."

"मग जागा ठेवा तुम्हाला," रूथ म्हणाली. "गवत आम्ही नेतो."

एक बाई खुदकन हसली, मग सगळेच हसले. तो पुटपुटला, खुणेच्या दगडापलीकडे हात लावू नका म्हणाला आणि गेला. गाडीचा आवाज विरायच्या आत रावसाहेब दगडापलीकडे खोरं चालवत होते.

संध्याकाळी रूथने मागची खिडकी उघडली. मास्तर दाराआड उभे राहून बराच वेळ बाहेर बघत होते. बॅग भरलेली तशीच होती. ती रिकामी करा असं कुणी म्हणालं नाही, कारण मातीत बी किती पडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढचा रविवार बघून मग ठरवू, असं तेच म्हणाले.

परतीच्या गाडीत माझा राग गेला नव्हता. पिकातल्या तणाला सरकारकडे नाव आहे, बियाण्यातल्याला आहे, बंदरावर उतरणाऱ्यालाही आहे. माणसाच्या खिडकीखाली उगवणाऱ्या तणाला तेवढं नाही. पुढच्या रविवारी सोलापुरात सविस्तर अर्ज लिहायला बसले. "प्रति" लिहिलं आणि पुढे कुणाचं पद घालायचं तिथेच अडले. शेवटी रूथलाच फोन लावला.

"मास्तर आज चालत चर्चला गेले," ती म्हणाली. "तोंड बांधून, पण गेले. पोरांचा सूर बिघडलाय म्हणून चिडलेत."

"आणि गवत?"

"कोंब दिसायला लागलेत. अर्जाचं राहू दे गं. जमीन मऊ आहे तोवर ये."